दुसरा की तिसरा?

गेल्या महिन्यात एका रविवारी पहाटे नातीचा अमेरिकेहून फोन आला. इतक्या पहाटे फोन आला की आमच्या वयाच्या माणसांच्या पोटात आधी गोळा येतो. पण बाईसाहेब मजेत होत्या. म्हणाल्या, "आजी, तुला एक विचारायचंय. सरळ रस्ता अगदी थोडा असेल आणि पुढे लगेच वळण असेल, तर तिसरा गिअर टाकायचा की दुसऱ्यातच राहायचं?"

आता मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. गिअरबद्दल मला कोणी काही विचारील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते मी बासष्ट वर्षं कोणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणून हा लेख. सुरुवात मात्र लांबून करते. इतिहासाच्या बाईची ती खोडच असते.

आमची चिऊ (घरातलं नाव) तिकडे ऑटोक्रॉस नावाचा खेळ खेळते. २०१९ मध्ये मी तिच्याकडे गेले होते तेव्हा प्रत्यक्ष पाहिला. एखादं मोठं मोकळं वाहनतळ किंवा जुनी धावपट्टी घ्यायची, त्यावर रबराचे केशरी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एका वेळी एकाच गाडीनं घड्याळाविरुद्ध धावायचं. एक फेरी साधारण मिनिटभराची. शंकू पाडला की प्रत्येकी दोन सेकंदांचा दंड, वाट चुकलात तर ती फेरी बाद. धावणारे लोक कोण, तर कारकून, डॉक्टर, विद्यार्थी, निवृत्त पोस्टमन. आठवडाभर ज्या गाडीनं कामावर जायचं तीच रविवारी इथे आणायची. गाडी गाडीला भिडत नाही, त्यामुळे धोका कमी. पण निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, त्यामुळे डोक्याला काम भरपूर.

मला सगळ्यात आवडली ती एक गोष्ट. गाड्या धावण्याआधी सगळे स्पर्धक ती वाट पायी चालतात. एकदा, दोनदा, तीनदा. हातवारे करत, पुटपुटत. परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर मुलं उजळणी करतात ना, अगदी तसं. मीही चिऊबरोबर चालले. कुठे ब्रेक लावायचा, कुठे वळायचं, गिअर कुठे बदलायचा, हे तेव्हाच ठरवतात.

तर तिचा प्रश्न. तिची गाडी छोटी, दोन माणसांची, जुनी माझदा मियाटा, पाच गिअरची. दुसऱ्या गिअरमध्ये ती ताशी ९० किलोमीटरच्या आसपास जाते. पुढे इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ नयेत म्हणून गाडीच पेट्रोल तोडते. बहुतेक वाटा दुसऱ्यातच संपतात. अडचण येते ती एखादा सरळ तुकडा जरा लांब असला की. दुसऱ्यात राहावं तर शेवटी इंजिन कण्हत राहतं आणि वेग वाढत नाही. तिसरा टाकावा तर पुढच्या वळणाआधी पुन्हा दुसऱ्यात यावं लागतं. या एका प्रश्नावर तिकडचे हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात म्हणे.

मला मजा वाटली ती अशी, की या प्रश्नाचं वय मोटारीइतकंच आहे.

कार्ल बेंझनं १८८६ मध्ये ज्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, तिला गिअर बदलण्याची सोयच नव्हती. एकच वेग. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता आपल्या दोन मुलांना घेऊन ही गाडी काढून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभरावर किलोमीटर अंतर. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. पण चढ आला की गाडी दम टाकायची आणि मुलांना उतरून ढकलावी लागायची. परत आल्यावर बाईनं नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा, आणि पुढे तो बसवला गेला. म्हणजे दुसऱ्या गिअरची मागणी करणारी पहिली व्यक्ती माहेरी निघालेली एक बाई होती. मी शाळेत असताना हे मला माहीत असतं तर मुलींच्या वर्गात नक्की सांगितलं असतं.

त्यानंतर फ्रान्समधला एमिल लवासोर. पानार-लवासोर कंपनीच्या १८९१ च्या गाडीत इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअर आणि मागची चाकं ओढणारी, ही मांडणी त्यानं रूढ केली. त्याच्या पेटीत दातेरी चाकं एकमेकांवर सरकवून दात दातांत अडकवावे लागत. ही पद्धत रांगडी आहे पण चालते, असं तो स्वतःच म्हणायचा असं सांगतात. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हा माणूस ४८ तास ४८ मिनिटं जवळजवळ एकट्यानं गाडी हाकत सुमारे ११७८ किलोमीटर गेला आणि दुसऱ्या गाडीच्या जवळपास सहा तास आधी पोचला. तरीही पहिलं बक्षीस त्याला मिळालं नाही, कारण नियमानुसार गाडी चार आसनांची हवी होती आणि त्याची दोनच आसनांची होती. पुढच्याच वर्षी पॅरिस–मार्सेय शर्यतीत त्याला अपघात झाला आणि १८९७ मध्ये तो गेला.

लवासोरच्या पेटीत मेख अशी होती. दोन दातेरी चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत असतील तर दात दातांत बसत नाहीत, नुसते खरखरतात. म्हणून चालकानंच दोघांचा वेग जुळवायचा. खालच्या गिअरमध्ये यायचं तर क्लच दाबा, गिअर काढा, क्लच सोडा, इंजिनाला थोडा जोर द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. आपल्याकडचे ड्रायव्हर याला डबल क्लच म्हणतात. जोर किती द्यायचा हे कोणतंही घड्याळ सांगत नाही. कानानं ऐकायचं.

मग माणसाला हा त्रास नको म्हणून खटपटी सुरू झाल्या. १९०८ च्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत दोनच गिअर होते आणि ते डाव्या पायाच्या पेडलनं बदलत. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या खपल्या. दुसरी वाट अर्ल थॉम्प्सन या अमेरिकन इंजिनिअरनं काढली. दात भिडण्याआधी दोन छोटे शंकू एकमेकांवर घासतात, घासता घासता दोघांचा वेग सारखा होतो आणि मग दात अलगद बसतात. हाच सिंक्रोमेश. १९२८ मध्ये तो कॅडिलॅक गाडीत आला. (शंकू इथेही आहेतच, फक्त पेटीच्या आत.) याच थॉम्प्सननं नंतर क्लचशिवायच्या गिअरवर काम केलं आणि १९३९ मध्ये ओल्ड्समोबाइलनं हायड्रामॅटिक नावाची पूर्ण स्वयंचलित पेटी बाजारात आणली.

१९८९ मध्ये तर गंमतच झाली. फेरारीच्या शर्यतीच्या गाडीत स्टिअरिंगमागच्या पट्टीनं गिअर बदलायची सोय केली होती. चाचण्यांमध्ये ती सारखी बंद पडायची. ब्राझीलची शर्यत ती पुरी करील अशी आशा कोणालाच नव्हती, आणि नायजेल मॅन्सेलनं ती पहिलीच शर्यत जिंकली! त्यानंतर काही वर्षांतच शर्यतींतला गिअरचा दांडा गेला.

या सगळ्या शंभर वर्षांत गिअर कसा बदलायचा हा भाग यंत्रानं हळूहळू आपल्याकडे घेतला. कधी बदलायचा हा भाग मात्र पुष्कळ काळ माणसाकडेच राहिला. ऑटोक्रॉस खेळणारे तो मुद्दाम स्वतःकडे ठेवतात.

हा खेळ मोकळ्या पटांगणांवर कसा आला, त्यालाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानतळांचे डांबरी पट्टे रिकामे पडले. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन हे असंच युद्धकाळातलं विमानतळ, १९४८ मध्ये तिथे ग्रांप्री झाली. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर पुष्कळ वर्षं शर्यती होत. अमेरिकेत १९४४ मध्ये हौशी लोकांची स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था निघाली. सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यती जिवावर बेतू लागल्या तेव्हा १९५२ ते १९५४ या काळात जनरल कर्टिस लमे यांनी तिला लष्करी विमानतळ वापरू दिले. याच संस्थेनं १९७३ मध्ये ऑटोक्रॉसची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. २००९ मध्ये ही स्पर्धा नेब्रास्कातल्या लिंकनला गेली, तीही विमानतळाच्या काँक्रीटवरच.

असो. आता माझ्या उत्तराकडे येते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पाटणच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे ट्रकवर ड्रायव्हर होते. ट्रक युद्धानंतरच्या लष्करी लिलावातला. सिंक्रोमेश वगैरे काही नाही, लवासोरच्या वंशातलीच पेटी. पाटणहून गूळ भरायचा, हेळवाक ओलांडून कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणला माल टाकायचा. कोयनेच्या धरणाचं काम चालू होतं ते दिवस, त्यामुळे रस्त्यावर वर्दळ असे.

घाटाच्या माथ्यावर अण्णा ट्रक थांबवत. खाली उतरून चाकं बघत, ब्रेकचं पेडल चार वेळा दाबून बघत, मग वर चढून दुसरा गिअर टाकत. घाट संपेपर्यंत तो दांडा हलायचा नाही. क्लीनर नवा होता, तो एकदा म्हणाला, "मधे सपाटी हाय की अण्णा, तिसरा टाका, येळ वाचंल." अण्णा म्हणाले, "गिअर घाटात हुडकायचा नसतो. माथ्यावर ठरवायचा."

कारण साधं आहे. भरलेला ट्रक उतारावर ब्रेकवर नाही, इंजिनावर धरायचा असतो. खालचा गिअर असला की इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. ब्रेकवरच विसंबलं तर ते तापतात आणि मग धरत नाहीत. आणि सिंक्रोमेश नसलेल्या पेटीत तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं तर मधे क्षणभर गाडी न्यूट्रलमध्ये असते. त्या क्षणात उतारावर तिचा वेग वाढतो. वाढलेल्या वेगाला दात जुळत नाहीत. दात जुळेपर्यंत वेग आणखी वाढतो. म्हणजे एकदा चुकलं की प्रत्येक सेकंदाला दुरुस्ती अवघड होत जाते.

१९६३ च्या मे महिन्यात मी बारा वर्षांची होते. चिपळूणला मावशीकडे जायचं म्हणून अण्णांच्या ट्रकमध्ये पुढे बसले होते. मला गाडी लागायची. त्या दिवशी हेळवाकपासूनच ओकून ओकून मी अर्धी झाले होते. अण्णांनी माथ्यावर ट्रक थांबवला, मला पाणी दिलं, नेहमीप्रमाणे दुसरा टाकला आणि निघाले. मी सारखी विचारत होते, "अण्णा, कधी पोचायचं? अण्णा, अजून किती?" ते काही बोलले नाहीत. मध्ये रस्ता जरा सरळ झाला. मी पुन्हा विचारलं. रडतच विचारलं. आणि अण्णांनी तिसरा टाकला.

पुढचं वळण जवळ आल्यावर त्यांनी गिअर काढला आणि मला ती खरखर ऐकू आली. पुन्हा एकदा खरखर. मग पेटीतून काहीच आवाज येईना, फक्त वाऱ्याचा. अण्णांचा डावा हात दांड्यावर होता, तो त्यांनी सोडला नाही. उजव्या हातानं त्यांनी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं. ट्रक चरात गेला आणि दरडीला घासत घासत थांबला. गुळाच्या ढेपा रस्त्यावर विखुरल्या. मला खरचटलं, क्लीनरच्या डोक्याला टाके पडले. अण्णांचं डावं मनगट दांडा आणि पत्र्याच्या मध्ये सापडलं. ते पुढे कधी सरळ झालं नाही. दांडा धरता येईना म्हणून ड्रायव्हरकी गेली. व्यापारी भला माणूस, त्यानं त्यांना वखारीवर राखणदार म्हणून ठेवलं. पगार निम्मा झाला.

घरी कोणीच मला कधी काही बोललं नाही. अण्णा लोकांना सांगत, "घाई झाली माझी." घाई का झाली हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, मीही नाही. त्यांच्या निम्म्या पगारात मला शिकवलं हे मात्र माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. बी. ए. झाले तेव्हा पेढे द्यायला वखारीवर गेले होते. पेढा त्यांनी उजव्या हातात घेतला.

१९९६ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, मी गाडी शिकले. जुनी मारुती घेतली होती. अण्णा तेव्हा थकले होते. एकदा त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, ते शेजारी बसले. मी पहिला टाकला, गाडी हलली. इंजिनाचा आवाज चढला आणि ते समोर बघतच म्हणाले, "आता." मी दुसरा टाकला. थोड्या वेळानं पुन्हा, "आता." दवाखान्यापर्यंत तेवढाच एक शब्द ते बोलले. उतरताना मी विचारायचं ठरवलं होतं. विचारलं नाही.

चिऊला मी फोनवर ही सगळी गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग मी म्हटलं, अगं, तुझ्या तिथे काही दरी नाही, रबराचे शंकू आहेत, तेव्हा घाबरू नकोस. आपण नीट हिशेब करू.

हिशेब असा झाला. तिसरा टाकला की चाकांना मिळणारा जोर दुसऱ्याच्या साधारण ७० टक्केच उरतो. म्हणजे दुसऱ्यात दम आहे तोवर तिसऱ्यात जाण्यात काहीच फायदा नाही. दम संपल्यावरच जायचं. त्यातही वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा काही क्षण इंजिन चाकांना ओढत नाही. शिवाय खाली येणं नेमकं ब्रेक आणि वळण यांच्या गर्दीत येतं, तेव्हा हातापायांना आधीच काम असतं. म्हणून इंजिन सेकंदभरच कण्हणार असेल तर कण्हू द्यावं. चांगला तीन-चार सेकंदांचा सरळ तुकडा असेल तर तिसरा जरूर टाकावा, पण तो कुठे टाकायचा आणि कुठल्या शंकूपाशी काढायचा हे पायी चालतानाच ठरवावं. ट्रकला तिसरा वर्ज्य होता असं नाही. अण्णांनी तो माथ्यावर ठरवलेला नव्हता, एवढंच.

त्या रविवारी तिला चार फेऱ्या होत्या. फोन दुसऱ्या दिवशी आला. पहिल्या दोन फेऱ्यांत तिनं तिसरा टाकून पाहिला. एकदा दुसऱ्यात यायला उशीर झाला आणि शंकू उडाला, एकदा वळण रुंद गेलं. उरलेल्या दोन्ही फेऱ्या तिनं दुसऱ्यातच काढल्या. शेवटची फेरी तिच्या आधीच्या चांगल्या फेरीपेक्षा सहा दशांश सेकंदानं लवकर झाली. क्रमांक आला सातवा. "आजी, सहा दशांश म्हणजे खूप असतं हं," असं तिनं दोनदा सांगितलं.

परवा मुलानं कोकणात जायचं काढलं. त्याची गाडी ऑटोमॅटिक, गिअर तीच ठरवते. कुंभार्लीच्या माथ्यावर मी त्याला थांबायला सांगितलं. त्याला वाटलं मला गाडी लागली. मी म्हटलं, तसं नाही, त्या दांड्यावर खालचा गिअर धरून ठेवायची सोय आहे ना, ती लाव. तो हसला, म्हणाला, "आई, याची काही गरज नसते गं आता." पण लावली. इंजिनाचा आवाज जरा चढला, आणि आम्ही सावकाश खाली उतरलो. वाटेत सरळ रस्ता कुठे लागला ते मी पाहून ठेवलं. आम्ही तिथे थांबलो नाही.